मंदाची मंगळवारची बैठक

मंदा, तुझ्या तेरवीला चार माणसं तुझ्याबद्दल बोलायला उभी राहिली आणि मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या तेरवीला येऊन बसले. एक म्हणाले, मॅडम अत्यंत शांत आणि मितभाषी होत्या. मी तुझ्या बहिणीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघींनी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, बिचाऱ्या रडून राहिल्या. मितभाषी म्हणे! आपल्या हुडकेश्वरच्या गल्लीत भाजीवाल्यानं ठेल्यावर पाटी लावली होती, ‘येथे उत्तम भाजी मिळेल’. तर तू त्याला भर उन्हात उभं करून विचारत होतीस, ‘उत्तम म्हणजे काय गा? तुझ्या वांग्यात असं काय आहे जे बाजूच्या ठेल्यावर नाही? ते लिही न!’ दुसऱ्या दिवशी पाटी बदलली: ‘वांगी आमच्याच मळ्यातली, आज पहाटे तोडलेली.’ दुपारपर्यंत ठेला रिकामा. हे कुणी सांगितलं नाही तेरवीला, म्हणून मी सांगून राहिले.

पण खरं बोलायचं तर नुसती तुझी तारीफ करायला मी ही वही उघडलेली नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे. तू मधूनच उठून गेलीस म्हणून ते संपलं, असं मी काही मानत नाही.

सुरुवात आठवते का तुला? आपल्या दोघींच्या गच्च्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. मी माझ्या गच्चीवर कुरड्या घालत होते आणि तू तुझ्या गच्चीवर येरझाऱ्या घालत पोरांचे निबंध मोठ्यानं वाचत होतीस. मला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. पण कान काय बंद करता येतात? ऐकता ऐकता मी मधेच बोलून गेले, ‘थांब वं. हा पोरगा सायकलवर निघाला होता न? मग बसमध्ये कधी चढला?’

तू थांबलीस. पान मागं उलटलंस, पुढं उलटलंस. ‘अरे बाप्पा! मी तीनदा वाचलं हे.’ आणि मग चष्मा डोक्यावर सरकवून माझ्याकडे अशी पाहायला लागलीस की मला वाटलं, माझ्या कुरड्यांत काही पडलं की काय.

‘काकू, उद्या काय करून राहिल्या तुम्ही?’

‘उद्या? उद्या मुगाचे पापड.’

‘पापड परवा करा.’

अशी मी विद्यापीठात गेले. सातवीत शाळा सुटलेली बाई. पुढचं जे काही शिकले ते माझ्या दोन पोरांच्या पुस्तकांतून. पोरं नववीत गेली की मी नववीत, ती दहावीला बसली की मीही देवघरापाशी बसायची. पण विद्यापीठाची पायरी कधी चढले नव्हते. घरून निघताना मी लुगडं दोनदा बदललं, हे तुला आजवर सांगितलं नाही.

तू पहिल्या वर्षाच्या पोरांना निबंध शिकवायचीस आणि वरून ते लेखन केंद्र चालवायचीस. केंद्र म्हणजे काय, दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. आधी तिथं मोडके बाक ठेवायचे. दर मंगळवारी बैठक. रसायनवाली, वकिलीवाली, शेतीवाली, कुठलीही पोरं यायची आणि आपण लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायची. कुणाचा निबंध, कुणाचा अर्ज, कुणाचा प्रकल्प. आणि तुझा एकच कायदा: इथं कुणी दुसऱ्याच्या कागदावर पेन टेकवायचा नाही. ‘मीसुद्धा नाही,’ असं म्हणायचीस आणि आपला उजवा हात मांडीखाली दाबून बसायचीस. मी पाहिलं आहे न तुला! पोरगं काही वेडंवाकडं वाचायला लागलं की तुझा तो हात मांडीखाली मासळीसारखा तडफडायचा.

मला तू खिडकीजवळची खुर्ची दिलीस. काम एवढंच, की ऐकता ऐकता जिथं मी हरवेन तिथं हात वर करायचा. बस. काही सुचवायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. मी हात वर केला की पोरं लगेच माझ्याकडे वळून समजावायला लागायची, ‘काकू, म्हणजे कसं की...’ आणि तू ओरडायचीस, ‘त्यांना नको सांगू गा! कागदाले सांग!’

ती रसायनची लांब वेणीवाली पोरगी आठवते? विहिरीच्या पाण्यातला फ्लोराइड आणि गावातल्या लोकांचे पिवळे दात. पहिल्या मंगळवारी माझा हात खाली आलाच नाही. दुसऱ्या मंगळवारी खांदा दुखला. चौथ्या मंगळवारी तिनं शेवटपर्यंत वाचलं आणि माझे दोन्ही हात मांडीवर. तिनं वही वर उडवली आणि मला मिठी मारली. तू मागून म्हणालीस, ‘आता हे तुझ्या गाइडलेही समजेल.’

मंदा, जन्मभर न कळणं ही माझी लाज होती. बँकेत, दवाखान्यात, मुलाच्या शाळेत, कुठंही काही कळलं नाही की मी मान डोलवायची आणि गप्प घरी यायची. तू त्या न कळण्याला खुर्ची दिलीस, बसायला. एवढ्या शिकल्यासवरल्या पोरांनी माझ्या हाताकडे पाहत वाचावं! मी घरी येऊन सुनेला सांगायची, ‘आज मले तीनदा नाही समजलं,’ अशी, जशी काही तीन बक्षिसं घेऊन आले.

हसू किती आलं आपल्याला त्या खोलीत. बाहेर ‘लेखन केंद्र’ अशी पाटी पाहून एक माणूस घरभाड्याचा करारनामा लिहून घ्यायला आला होता. हातात स्टॅम्प पेपर. दुसरं कुणी असतं तर कोर्टासमोर जा म्हणून सांगितलं असतं. तू त्याला बसवलंस. ‘भाडेकरू कोण आहे? त्याची भीती कशाची वाटते तुम्हाला?’ तो म्हणाला, ‘तो तबला वाजवते, मॅडम.’ तू म्हणालीस, ‘मग करारात तबला कुठं आहे?’ त्या माणसानं दीड तास बसून स्वतःच्या हातानं कच्चा कागद लिहिला, त्यात तबल्याच्या वेळा घातल्या, सणासुदीला सूट दिली, आणि जाताना म्हणाला, आता मला त्याचा तेवढा राग नाही येऊन राहिला.

आणि मला लिहायला लावलंस ते? म्हणालीस, ‘गोळाभात कसा करता, एवढंच लिहून आणा.’ मी रात्रीचं जेवण आटोपून तीन कागद फाडले आणि चौथा घेऊन आले. तू वाचलास, ‘सदर पदार्थ तयार करणेकामी प्रथम हरभरा डाळीचा भरडा घेण्यात यावा.’ खालपर्यंत वाचून तू गंभीर चेहरा करून विचारलंस, ‘काकू, हे कोणी लिहिलं? तहसीलदारानं?’

मला राग आला होता तेव्हा. मला वाटत होतं, लिहायचं म्हणजे असंच लिहायचं असतं. तू कागद उलटा ठेवलास. ‘आता मले सांगा, भातातला गोळा फुटला तर काय करता?’ मी म्हटलं, ‘फुटला तर फुटला वं, तो भात पोरांच्या बापाले वाढायचा, त्याले काय समजते!’ तू टेबलावर हात आपटलास. ‘हे! हे कुठं गेलं या कागदातून?’

तेव्हापासून मी बोलते तसं लिहिते. हे पण तसंच लिहून राहिले.

आता भांडणाकडे येते. टाळत होते, तुला कळलंच असेल.

पल्लवी. वाडीची पोरगी, तिकडून अमरावती रोडनं ट्रकांच्या मधून बसनं यायची. ‘माझी रोजची वाट’ असा निबंध तिनं लिहिला होता आणि दुसऱ्या दिवशी तो स्पर्धेला पाठवायचा होता. गोदामं, ट्रकांवरचे हार, टायरवाल्याचं दुकान, सगळं छान. शेवट मात्र सुचत नव्हता. त्या मंगळवारी तुला मीटिंगला बोलावलं होतं. बाकीची पोरं निघून गेली होती, खोलीत मी आणि पल्लवी. ती रडायला लागली. हुंदके देऊन देऊन. मी किती वेळ पाहू? मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि कानात सांगितलं, असं असं लिही. तिनं डोळे पुसत लिहून घेतलं. मला वाटलं, पुण्याचं काम केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाठवायच्या आधी, तू सगळ्यांना बोलावून ते वाचायला घेतलंस. वाट संपते, पल्लवी विद्यापीठाचा जिना चढते, आणि ‘गुडघ्यातून अशी कळ येते की वाटतं, देवा, आता किती दिवस ही चढउतार.’

तू वाचायची थांबलीस. चष्म्यावरून पाहिलंस. ‘पल्लवी, वय काय वं तुझं?’

‘एकोणीस, मॅडम.’

‘आणि गुडघे कधीपासून दुखून राहिले?’

पल्लवीनं हळूच माझ्याकडे बोट केलं. खोली अशी हसली की बाजूच्या वर्गातले सर पाहायला आले. तू तर चष्मा काढून डोळे पुसत होतीस. मीही हसले. मला वाटलं, झालं, मिटलं.

संध्याकाळी भिंतीपाशी तू वेगळीच होतीस. ‘काकू, तुम्ही तिचा शेवट घेऊन टाकला.’

‘घेतला? मी दिला तिले!’

‘तेच म्हणून राहिली मी. आता तिले कधीच कळणार नाही, तिचा काय होता.’

‘लेकरू रडून राहिलं समोर, आणि मी हात मांडीखाली घेऊन बसू? हे कसलं शिकवणं वं मंदा? दगड आहेस तू.’

‘रडणं तिचं आहे, काकू. त्यातून जे निघते तेही तिचंच निघू द्या न.’

पल्लवीचा निबंध तू स्पर्धेला पाठवला नाहीस. मी चार दिवस भिंतीकडे पाठ करून कपडे वाळत घातले. पाचव्या दिवशी भिंतीवर एक ताटली दिसली, वर झाकण. कोथिंबीर भरलेली सांबारवडी. तू स्वतः केलेली! तुझ्या स्वयंपाकाची कीर्ती मला ठाऊक होती, तरी खाल्ली. तू गच्चीच्या दारात उभी राहून पाहत होतीस. मी नुसता हात वर केला. तू दारातूनच ओरडलीस, ‘समजलं, समजलं! मीठ!’ आणि आपण बोलायला लागलो. पण कोण बरोबर, ते काही ठरलं नाही. पुढं कितीदा तो विषय निघाला, आणि दरवेळी मी दगड म्हणायची आणि तू गुडघे म्हणायचीस.

पल्लवी तेरवीला आली होती. आता वाडीतल्याच शाळेत शिकवते. माझ्या पाया पडली आणि म्हणाली, ‘काकू, गुडघे अजून चांगले आहेत बरं.’ मग आम्ही दोघी रडलो. ते मात्र खरं रडणं होतं.

आणि आपलं शेवटचं बोलणं. तू पलंगावर होतीस, कूलरला नव्या वाळ्याच्या ताट्या लावून झाल्या होत्या आणि खोलीभर ओला वास होता. मी तुझ्यासाठी साखर घातलेलं ताक आणलं होतं. तू दोन घोट घेतलेस आणि म्हणालीस, ‘काकू, मंगळवार आता तुम्ही घ्या.’

‘मी? मी हात वर करणारी बाई.’

‘बाकी काय असते त्यात?’

‘सातवी शिकलेली बाई विद्यापीठात बैठक घेईल? लोक हसतील, मंदा.’

‘लोक हसतील, का तुम्ही भेऊन राहिल्या?’

मला ते फार लागलं. खरं होतं म्हणून लागलं. मी म्हटलं, ‘तुझी पोरं तू सांभाळ, मी ऐकायला येते, ऐकवायला नाही,’ आणि ताकाचा पेला तिथंच ठेवून निघाले. उद्या जाऊन बोलू, असं मनात होतं. उद्या घरी पाहुणे आले. परवा तुला दवाखान्यात हलवलं. आणि मग तू बोलण्यासारखी राहिली नाहीस. मी काचेतून तुला पाहिलं, आणि मला ओरडून सांगावंसं वाटलं, हाव वं, घेते! तोंड उघडलं तोच नर्स म्हणाली, आजी, आवाज नको.

तेरवीनंतर तीन दिवसांनी तुमचे विभागप्रमुख घरी आले. तरणे आहेत, पण फार सावरून बोलतात, जसं प्रत्येक वाक्य इस्त्रीचं. म्हणाले, मॅडमनी जायच्या आधी एक पत्र दिलं होतं, त्यात मंगळवारच्या बैठकीसाठी तुमचं नाव आहे. आणि हेही म्हणाले, की बैठक बंद पडली तर ती खोली परीक्षा विभाग उत्तरपत्रिका ठेवायला मागून राहिला. त्यांनी पिशवीतून एक अर्ज काढला. ‘औपचारिक आहे, काकू. शिक्षण काय लिहू?’

‘सातवी लिहा,’ मी म्हटलं. ‘पण चांगली सातवी.’

ते पेन हातात धरून थांबले. मी म्हटलं, ‘द्या इकडे. माझा अर्ज आहे न, मीच लिहिते.’ सून दारात उभी राहून तोंडात पदर कोंबत होती. मी सही केली, आणि ते गेल्यावर देवघरापाशी जाऊन बसले. पोरांच्या दहावीच्या वेळी बसायची तशी. तू पत्रात माझं नाव लिहून ठेवलंस, तेही आपलं त्या ताकाच्या दिवशीचं भांडण व्हायच्या आधी की नंतर, हे मी त्या सरांना विचारलं नाही. मला ते माहीत करून घ्यायचं नाही. आधी लिहिलं असशील तर तू मला ओळखत होतीस, आणि नंतर लिहिलं असशील तर जास्तच ओळखत होतीस.

काल मंगळवार होता.

नऊ पोरं आली. मी तुझ्या खुर्चीवर बसले नाही, खिडकीजवळच्याच खुर्चीवर बसले आणि म्हटलं, ‘चला, मले समजत नाही ते कोण वाचते?’ पोरं जरा हसली. भीती तिथंच थोडी उतरली.

त्यात सोनल नावाची एक नवी मुलगी होती. मुलगी काय, लग्न झालेली, इतवारीतल्या भांड्याच्या दुकानाची सून, घरचं सगळं करून एम. ए. करते. दुकानात भांड्यांवर नावं घालायचं काम तीच करते. ते घरघर वाजणारं यंत्र पेनसारखं हातात धरायचं आणि स्टीलवर नाव कोरायचं. तिनं त्यावर लिहिलं होतं. लग्नाची भांडी, बारशाची वाटी, सासूनं सुनेसाठी घेतलेला डबा आणि त्यावर घातलेलं सासूचंच नाव. पोरं पोट धरून हसली. मग एका जागी ती थांबली. पुढं कागद कोरा. म्हणाली, ‘इथून पुढे मले काय म्हणायचं आहे ते समजूनच नाही राहिलं, काकू,’ आणि तिचे डोळे भरले. पाहता पाहता गालावर आलं.

मंदा, मला तिचा शेवट दिसत होता! अगदी तयार, जिभेच्या टोकावर. ‘साऱ्या नागपूरच्या भांड्यांवर मी नावं घातली, पण माझ्या नावाचं एकही भांडं नाही.’ बघ, कसं आहे? नुसतं कानात सांगायचं होतं. ती रडून राहिली, पोरं माझ्याकडे पाहून राहिली, पंखा वरून घरघर करून राहिला. आणि तू नाहीस मला अडवायला.

मी उठले, माठातलं पाणी आणून तिच्यासमोर ठेवलं. आणि पुन्हा येऊन बसले. एवढंच केलं. किती वेळ गेला कोण जाणे. मला तर एक अख्खं कीर्तन झाल्यासारखं वाटलं. ती पाणी प्यायली, तिनं नाक पुसलं, आणि पेन उचलला. एकच ओळ लिहिली. मग वाचली:

‘नाव घालताना भांडं पोटाशी घट्ट धरावं लागतं, नाही तर ते नाचतं, आणि नाव दुसऱ्याच कुणाचं झाल्यासारखं दिसतं.’

मला ती ओळ कुठून आली ते कळत होतं, तिच्या पोटातून. मला ती सात जन्मांत सुचली नसती. मी तर कधी भांड्यावर नावच घातलं नाही.

तर आता मान्य करते. पल्लवीच्या वेळी तू बरोबर होतीस. हे तुझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं, भिंतीपाशी, म्हणजे तू कशी फुगून बसली असतीस ते पाहायला मिळालं असतं. आणि ते दुसरंही, जे मी ताकाचा पेला ठेवून न म्हणता निघाले: हाव, मंदा. मंगळवार मी घेते.

जिभेवरचं माझं ते वाक्य मी काल तसंच तोंडात धरून बसनं घरी आणलं. सुनेला ऐकवलं, तिला फार आवडलं. एक तुला सांगून ठेवते, तू काहीही म्हण, माझंही वाक्य काही वाईट नव्हतं.